बादलीच्या बुडाची गोष्ट

गेल्या आषाढात आमच्या गटाच्या चाळीस बादल्यांपैकी एकतीस बादल्यांतली रोपं मेली. वांगी, मिरची, टोमॅटो, सगळी. पाण्यावाचून नाही मेली, पाण्यात मेली. ही हकिगत आम्ही वर्षभर कुणाला सांगितली नाही, कारण लाज वाटत होती. बादल्या गटाच्या बचतीतून घेतल्या होत्या. रंगकाम झाल्यावर उरतात ना, त्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या. ज्यांना परस नाही, ज्यांच्या घराला नुसता ओटा आणि दारात चार फरश्या आहेत, अशा बायकांच्या चुलीपर्यंत दारची भाजी पोचावी, एवढाच त्यामागचा विचार.

आम्हाला शिकवायला जे आले होते त्यांनी सांगितलं होतं: बुडाला मधोमध एक भोक पाडा, त्यावर चार बोटं खडी टाका म्हणजे निचरा होतो, वर शेतातली माती भरा. आम्ही तसंच केलं. खडी तर नदीवरून डोक्यावर वाहून आणली. मग आमच्याकडचा पाऊस लागला. राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. आठ-दहा दिवसांत पानं पिवळी पडली, रोपांनी माना टाकल्या. एका आक्कांना वाटलं, रोप सुकतंय म्हणजे तहानलंय, म्हणून त्यांनी आणखी तांब्याभर पाणी घातलं. शेवटी एक बादली अंगणात उपडी केली, तेव्हा गटारासारखा वास आला. मुळं काळी पडून बोटांत गळत होती. आणि खडी? खडी खाली जवळजवळ कोरडी होती. चिखल होता तो तिच्या वर.

खाली खडी कोरडी आणि वर माती चिंब, हे कसं काय? या एका प्रश्नापायी आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून हाती लागला तो बादलीच्या बुडाचा आणि त्यातल्या भोकाचा इतिहास. तो आज सांगतो.

सुरुवात शब्दापासूनच करू. बादली हा शब्द आपला नव्हे. पोर्तुगीज भाषेत पाण्याच्या डोलाला 'बाल्दे' म्हणतात, त्याचं आपल्याकडे बालदी, बादली झालं. पगार आणि बटाटा हे शब्दही त्याच वाटेने आले. मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच आली, मूळची ती अमेरिका खंडातली. म्हणजे बादलीत मिरची लावणारी बाई दोन पाहुण्यांना एका ठिकाणी नांदवत असते. त्याआधी आपल्याकडे पाण्यासाठी घागर होती, कळशी होती, विहिरीवर पोहरा होता. पण यातल्या कशाच्याही बुडाला कुणी मुद्दाम भोक पाडलं नसतं. भांड्याचा धर्म पाणी धरून ठेवणं. झाडाच्या भांड्याचा धर्म नेमका उलटा, आणि तो कुणालातरी पहिल्यांदा सुचावा लागला.

एक फार जुनं चित्र सापडतं ते इजिप्तमधलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे हातशेप्सुत नावाची राणी राज्य करत होती. तिने पुंत नावाच्या दूरदेशी गलबतं पाठवली आणि सुगंधी डिंकाची जिवंत झाडं आणवली. तिच्या देवळाच्या भिंतीवर ती माणसं कोरलेली आहेत: खांद्यावर दांडा, दांड्याला टांगलेली टोपली आणि टोपलीत झाड. टोपलीला निराळं भोक पाडावं लागत नाही. तिच्या विणीतूनच पाणी गळतं आणि वारा आत जातो. खरी अडचण सुरू झाली ती झाड मडक्यात लावायला लागल्यावर.

इथे आपल्या ओळखीचं एक फळ येतं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग असतं ना? खडबडीत सालीचं, मोठ्या लिंबासारखं. रोमच्या लोकांना या झाडाचं फार अप्रूप होतं, कारण ते विषावर औषध समजलं जाई. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की हे झाड आपल्या देशात रुजावं म्हणून लोक ते इराणकडून मातीच्या भांड्यांतून आणत आणि त्या भांड्यांना मुळांना श्वास घेता यावा म्हणून भोकं ठेवत. पाणी जावं म्हणून असं तो म्हणत नाही बरं का, श्वासासाठी म्हणतो. एवढं करूनही झाड तिकडे रुजेना, हेही तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला जे उमगलं होतं ते आम्हाला एकतीस रोपं घालवून उमगलं. मुळं पाणी पितात तशी हवाही घेतात. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं रोपसुद्धा तहानल्यासारखं मान टाकतं. आमच्या आक्का फसल्या त्या इथे.

हा प्लिनी इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकात पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. पुढे ते उकरलं तेव्हा लोकांनी वाडे पाहिले, चित्रं पाहिली, दागिने पाहिले. बागांकडे नीट लक्ष दिलं ते विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन बाईंनी, १९६०च्या दशकापासून पुढे. राखेखाली झाडांची मुळं केव्हाच कुजून गेली होती, पण त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. त्या पोकळ्यांतला भुगा काढून बाई त्यात सिमेंट ओतायच्या. ते घट्ट झालं की भोवतीची माती काढायच्या आणि मुळाचा आकार हातात यायचा. कुठे कोणतं झाड होतं याचा अंदाज त्यावरून बांधायचा. या बागांमध्ये भोकांची मडकीही मिळाली. पुष्कळांना एक भोक बुडाला आणि तीन बाजूंना. शेजारची तीन भोकं नीट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहेत.

ग्रीस देशातल्या अथेन्स गावात तर मडक्यातली बाग हा बायकांचा सण होता. ॲडोनिस नावाचा देखणा तरुण अकाली मेला, त्याच्या शोकाचा. बायका फुटक्या मडक्यांत माती भरून पटकन उगवणारं बी पेरत आणि मडकी उन्हाळ्यात घराच्या छपरावर नेऊन ठेवत. कोंब भराभर यायचे, तितक्याच भराभर कोमेजायचे, मग ती मडकी पाण्यात सोडायची. आपल्या घटस्थापनेची आठवण होते की नाही? परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्य, मध्ये मातीचा घट. घटाला पाझर असतो, तो थेंबथेंब माती ओली ठेवतो. नवव्या दिवशी पिवळसर कोंब वितभर होतात आणि दसऱ्याला ते केसांत, टोपीत खोवले जातात. दोन्ही सण एकमेकांपासून निघाले असं आम्ही म्हणत नाही. पण दोन्हीकडे माती भांड्यात घालणाऱ्या बायकाच होत्या. प्लेटो या तत्त्वज्ञाने अथेन्सच्या त्या मडक्यांना उथळपणाचं उदाहरण म्हणून वापरलं: शहाणा शेतकरी आपलं खरं बियाणं तिथे पेरणार नाही. बरोबरच आहे बाबा, पण ज्याला शेत आहे तो हे बोलणार. त्या बायकांच्या हाती छपरच होतं.

आता आपल्या आईच्या, आजीच्या काळात येऊ. डालडा बाजारात आला १९३७मध्ये. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. तूप संपलं की डब्याची दुसरी कामं सुरू: पीठ, डाळ, आंघोळीचं पाणी, आणि शेवटी तुळस. घासलेटच्या आणि गोडेतेलाच्या डब्यांचंही तसंच. बुडाला खिळा ठेवायचा, वरून दगडाचे चार घाव घालायचे, झाली कुंडी. खिळा मारायचा राहिलाच तरी फारसं बिघडत नसे, कारण दोन पावसाळ्यांत पत्रा गंजून बूड आपोआप जाळीदार व्हायचं. मातीच्या कुंडीचं निराळं. ती अंगानेच पाझरते, उन्हात तिची भिंत वाळते आणि आतलं जास्तीचं पाणी थोडंथोडं बाहेर पडतं. जस्ताची बादलीही शेवटी गंजतेच. लोखंडावर जस्त चढवण्याची युक्ती १८३७मध्ये फ्रान्समध्ये निघाली ती गंज लांबवण्यासाठी, पण लांबलेला गंज केव्हातरी येतोच.

प्लास्टिक गंजत नाही आणि पाझरतही नाही. पॉलिथिन सापडलं १९३३मध्ये इंग्लंडच्या एका कारखान्यात, भलताच प्रयोग चालू असताना, भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा थर म्हणून. मजबूत, ताठ पॉलिथिन कमी दाबाखाली बनवण्याची रीत जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांनी १९५३मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना इटलीच्या नात्ता यांच्यासोबत १९६३चं नोबेल मिळालं. स्वस्त बादलीचं मूळ या शोधांत आहे. बाईच्या डोक्यावरचा भार या बादलीने हलका केला, हे आम्ही कधी नाकारणार नाही. पितळी हंडा ज्यांनी वाहिलाय त्यांनी प्लास्टिकला नावं ठेवण्याआधी जरा थांबावं. पण झाडासाठी ही बादली फार कडक. मातीची कुंडी आपली चूक सांभाळून घ्यायची, पत्र्याचा डबा गंजून सुधारून घ्यायचा. प्लास्टिकच्या बादलीत मात्र आपण जेवढी भोकं पाडू तेवढीच वाट. आमचं एकच भोक, तेही मधोमध, आणि बादली सपाट फरशीवर. फरशीने ते बुजवूनच टाकलं.

मग खडीचं काय? ही समजूत एकट्या आपल्या गावची नाही, विलायतेतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिकडचे माळी मातीच्या कुंडीच्या मोठ्या भोकावर खापराचा बाकदार तुकडा पालथा ठेवत, म्हणजे माती वाहून जात नाही आणि भोक उघडं राहतं. यात शहाणपण आहे. पण एका खापराचे दहा खापर झाले, दहांचा थर झाला आणि थराने निचरा होतो असं पुस्तकांत छापलं जाऊ लागलं.

एडगर बकिंगहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७मध्ये माती पाणी कशी धरून ठेवते यावर एक पुस्तिका लिहिली. तिचा गाभा आपल्या देवघरात रोज दिसतो. समईची वात तेल वर ओढते की नाही? कापसाच्या बारीक फटींत तेवढी ओढ असते. मातीच्या बारीक फटींतही तशीच ओढ असते. खडीच्या दगडांमधल्या फटी मोठ्या, त्यांना ओढ जवळजवळ नाही. म्हणून बारीक मातीतलं पाणी खडीत उतरायला तयार होत नाही. वरची माती पुरती चिंब होऊन पाणी धरवेनासं झालं की मगच ते खाली टपकतं. बकिंगहॅमनंतर पुष्कळ वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात काचेच्या पेटीत मातीचे थर भरून, पाणी खडीवर येऊन कसं अडतं याचं चित्रणच केलं गेलं.

कोणत्याही भांड्यात तळाशी थोडी माती चिंब राहतेच, भोकं असली तरी. त्या चिंब थराची जाडी माती किती बारीक यावर ठरते. खडी टाकून तो थर जात नाही, खडीच्या वर चढून बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. आमच्या फूटभर उंच बादलीत चार बोटं खडी, तिच्यावर चिखलाचा थर, आणि रोपाला सुखाची माती उरली जेमतेम वितभर. खडी वाहून आणायचे कष्ट केले ते रोपं बुडवायला!

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. आम्हीही आधी कुणावर विश्वास ठेवला नाही. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज न पिळता उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, नुसती उंची वाढली. म्हणून पसरट टोपापेक्षा उंच बादली झाडाला बरी.

दुसरी चूक मातीची. लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत १९३०च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंडीच्या मातीचा छडा लावला. तोवर प्रत्येक माळ्याचं मिश्रण निराळं आणि गुप्त, आणि रोपं मरायची ती मरायचीच. या दोघांनी एक प्रमाण बसवून सगळ्यांसाठी खुलं केलं: सात भाग चांगली माती, तीन भाग दलदलीतला कुजका पाला, ज्याला तिकडे पीट म्हणतात, आणि दोन भाग जाड वाळू. शेतात जी माती सोनं, ती भांड्यात वीट होते, हे आता आपल्यालाही पटलंय. शेतात गांडुळं असतात, खाली खोलवर जागा असते. बादलीत यातलं काही नाही. आपल्या काळ्या मातीचं तर विचारूच नका.

आपल्याकडे पीट नाही, पण उसाचं पाचट आहे, नारळाचा भुसा आहे, भाताचं तूस आहे. हे वाया न घालवता त्यावर भाजी घ्या, असं सांगणारे एक गृहस्थ कोल्हापुरातच होऊन गेले, श्री. अ. दाभोळकर. शिकवायचे गणित, आणि तसाच हिशेब त्यांनी पानांचा, उन्हाचा, पाण्याचा मांडला. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त शेतकरी आपापल्या रानात करून बघायचे आणि एकमेकांना कळवायचे. द्राक्षबागायतदारांना त्याचा मोठा उपयोग झाला. सांगितलंय म्हणून करू नका, करून बघा आणि चुकलं तर तेही सांगा, ही त्यांची रीत. आज आम्ही आमची फजिती रेडिओवर सांगतोय, त्याला थोडं बळ तिथून मिळालं.

आणखी थोडं बळ मिळालं केनियातून. वांगारी मथाई यांनी १९७७मध्ये तिथे झाडं लावण्याची चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायका रोपं तयार करायच्या. वनखात्याच्या माणसांना वाटायचं, हे शिकलेल्या माणसांचं काम. बायकांनी आपल्या पद्धतीने केलं. आसपासच्या झाडांचं बी गोळा केलं, फुटक्या मडक्यांत पेरलं आणि कोंबड्या-शेळ्यांपासून लांब, उंचावर ठेवलं. जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळत. लावलेल्या रोपामागे नाही, जगलेल्या. मथाईबाईंना २००४मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. फुटक्या मडक्याला प्लेटोने हसून घेतलं होतं, त्याची ही पुढची हकिगत.

तर यंदा आम्ही काय केलं ते सांगतो. बादल्या त्याच. पाण्यात कालवायच्या रंगाच्या तेवढ्या ठेवल्या आणि घासून धुतल्या. तेलीरंगाच्या, थिनरच्या घेतल्या नाहीत. फवारणीच्या औषधाचा डबा तर कितीही धुतला तरी खायच्या भाजीला नको म्हणजे नको. बुडाला करंगळी जाईल एवढी आठ-दहा भोकं, आणि पॉम्पेईच्या मडक्यांसारखी बाजूलाही चार, बुडापासून बोटभर वर. सुतारकाम करणाऱ्या एका दादांच्या ड्रिलने सगळ्या बादल्या झाल्या. तापल्या सळईनेही होतं, पण धूर वाईट, ते उघड्यावर करा आणि पोरांना लांब ठेवा. भोकांवर आतून जुन्या मच्छरदाणीचा एकेरी तुकडा, बस. खडी नाही, विटेचे तुकडे नाहीत. एक घमेलं माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत, एक घमेलं नारळाचा भुसा आणि तूस मिळून. भरताना दाबून ठासायचं नाही. बादली दोन विटांवर ठेवायची, म्हणजे भोकांखालून वारा जातो. मग वरून तांब्याभर पाणी ओतायचं, ते मुरलं की आणखी एक. माती भिजल्यावर पाणी खालून लगेच टपकू लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर बादली रिकामी करून पुन्हा भरायची. आम्ही सात बादल्या पुन्हा भरल्या.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. एक म्हणजे ऊन. उन्हाने या बादल्यांचे काठ दोन-तीन वर्षांत खडूसारखे फुटतात. बाहेरून गोणपाट गुंडाळून बघतोय. दुसरी म्हणजे उन्हाळा. निचरा चांगला झाला की पाणीही जास्त लागतं, चैत्रात दिवसाला दोनदा. पाणी लांबून आणणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही. वर पाचटाचं आच्छादन घातलं की एक वेळ वाचते, पण एकच. पावसाळ्यात मात्र यंदा चाळीसपैकी सदतीस रोपं उभी राहिली. ज्या आक्कांनी गेल्या साली जास्तीचा तांब्या ओतला होता, त्यांच्या ओट्यावरच्या मिरच्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

त्याच आक्कांनी एका अर्ध्या ड्रममध्ये महाळुंगाचं रोप लावलंय. फळ धरलेलं नाही, इतक्यात धरणारही नाही. ड्रमला बाजूची भोकं त्यांनी चाराऐवजी सहा पाडलीत. परवा पावसाची मोठी सर आली तेव्हा शेजारचं पोरगं पळत सांगायला आलं, "आक्का, तुमचा ड्रम गळतोय!"

"गळू दे," आक्का म्हणाल्या.